जखम भरली, तरी तपासणी कशाला?

दिल्लीत ड्रिल करणाऱ्याला उन्हाची ओळख करून द्यावी लागत नाही. मे महिन्यात सकाळच्या परेडलाच बेरेखालून घाम गळू लागतो. पण उन्हाचा एक परिणाम असा आहे की तो दिसायला बहुधा तीस-चाळीस वर्षे लागतात, आणि कापून काढला तरी काही वेळा तो परत येतो. त्याचे नाव बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग.

त्वचेच्या वरच्या आवरणात सर्वांत खालच्या ओळीला बेसल पेशी असतात. नव्या पेशी तिथेच तयार होतात. वर्षानुवर्षे अतिनील किरणे पडून त्यांच्या डीएनएची मोडतोड होते आणि एखादी पेशी ‘थम’चा हुकूम ऐकेनाशी होते. ती वाढतच राहते. गोऱ्या लोकांत हा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्यामुळे भारतात तो बराच कमी दिसतो. शिवाय आपल्या रंगावर तो अनेकदा काळपट असतो, त्यामुळे लोक त्याला तीळ किंवा चामखीळ समजतात. डब्लिनचे डॉक्टर आर्थर जेकब यांनी 1827 मध्ये त्याचे वर्णन केले. शरीरात दूरवर तो फार क्वचित पसरतो; पण उंदराने कुरतडावे तसा जागच्या जागी नाक, पापणी, कान खात जातो.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यात असतात. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, नंतर शेती केली. त्यांच्या नाकपुडीजवळची अशीच एक गाठ काढली. टाके निघाले, जखम भरली. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितले, तर आजोबांचे म्हणणे, “बरं झालंय ना? मग एसटीचे हेलपाटे कशाला?” आई फोनवर समजावून थकली. प्रश्न मलाही पडला होता, म्हणून मी एमआय रूममधल्या डॉक्टर मॅडमना विचारले आणि नंतर लायब्ररीत वाचले.

शेतातली हरळी आठवा. वरून उपटली की जमीन स्वच्छ दिसते, पण मातीत एक कांडे राहिले तरी पुन्हा फुटते. या गाठीचेही तसेच आहे. डोळ्यांना दिसते त्यापेक्षा ती त्वचेखाली बोटांसारखी पुढे गेलेली असू शकते. म्हणून सर्जन गाठीभोवतीची चांगली दिसणारी त्वचाही काढतात. लहान, कमी धोक्याच्या गाठीला साधारण 4 मिलिमीटर. तो तुकडा प्रयोगशाळेत जातो. तिथे पावाच्या स्लाइससारखे त्याचे पातळ काप करून त्यातले काही सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दोन कापांच्या मधे एखादे बोट कडेपर्यंत गेले असेल, तर ते निसटू शकते.

यावर अमेरिकेतल्या फ्रेडरिक मोह्स यांनी 1930 च्या दशकात वेगळी पद्धत काढली. मला तर ती मॅप रीडिंगच वाटते. एक पातळ थर काढायचा, त्याचा नकाशा करायचा आणि त्याची संपूर्ण कड व तळ लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. नकाशात जिथे पेशी उरलेल्या दिसतील तिथलाच पुढचा थर काढायचा. याला वेळ आणि खास प्रशिक्षण लागते. भारतात ही सोय थोड्याच ठिकाणी आहे.

नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या, जास्त धोक्याच्या गाठींवर या दोन्ही पद्धतींची तुलना झाली. तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. पहिल्यांदाच झालेल्या गाठींपैकी नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरात सुमारे 12 परत आल्या, मोह्सनंतर सुमारे 4. मला जास्त महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट: परत आलेल्या या गाठींपैकी निम्म्याहून जास्त पाच वर्षे उलटल्यावर आल्या होत्या. म्हणजे दोन-तीन वर्षे काही झाले नाही, यावरून निर्धास्त होता येत नाही.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. नाक, पापण्या, ओठ, कान या जागा, मोठी किंवा कड अस्पष्ट असलेली गाठ, आणि आधी एकदा परत आलेली गाठ यांत तो जास्त. शिवाय एकदा हा रोग झालेल्याला दुसऱ्या जागी नवी गाठ होण्याची शक्यताही वाढते. वुल्व्हरिन साकारणारा ह्यू जॅकमन याच्या नाकावरची गाठ 2013 मध्ये काढली, आणि पुढच्या काही वर्षांत त्याला पुन्हा पुन्हा उपचार घ्यावे लागले. त्यामुळे तपासणीत डॉक्टर जुना व्रण तर बघतातच, पण बाकीची त्वचाही बघतात. घरी बघायचे ते असे: व्रणावर किंवा जवळ मोत्यासारखा चकचकीत उंचवटा, वाढणारा काळा ठिपका, खपली धरून पुन्हा रक्त येणारी आणि महिनाभरात न भरणारी जखम.

हे सगळे मी आजोबांना पत्रात लिहिले. आकडे लाल पेनने. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले: “तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे. शेतात टोपी मात्र घालणार नाही.” तो मोर्चा आता आजीने सांभाळला आहे.