पुढची सहल : २०३२

चाळीच्या जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : ‘कारवी बघायला. शनिवार, २१ सप्टेंबर २०२४. नावं काकांकडे द्यावीत. पुढची सहल २०३२.’

भांडुप पश्चिमेला जंगल मंगल रोडवरून वर चढत गेल्यावर लागणाऱ्या एका गल्लीत मी दुसऱ्याच कामासाठी गेले होते. पाण्याच्या वेळा, भिशीची तारीख, गणपतीची वर्गणी यांच्या शेजारी कुणी आठ वर्षांनंतरचा बेत लिहून ठेवतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मग सहलीचा दिवस उजाडेपर्यंत चार संध्याकाळी काकांच्या खोलीत जाऊन बसले.

काका मूळचे पोलादपूरकडचे, पालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या दारात उभं राहिलं की समोर डोंगर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द इथून चालत दहा मिनिटांवर. पण मुलांना आत न्यायचं तर भांडुपला धिमी लोकल पकडा, दादरला उतरा, गर्दीत पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर या, बोरिवलीला जा, आणि मग उद्यानाच्या दाराशी पोचा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात १८६० सालचा विहार तलाव, १८७९ सालचा तुळशी, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी. या सगळ्याचं दार तिकडे. भांडुपच्या वाट्याला भिंत आणि भिंतीपलीकडून रात्री येणारा बिबट्या.

नावं, फोन नंबर, आईवडिलांच्या सह्या, हे सगळं काकांनी दोन दिवसांत उरकलं. घोळ तारखेचा होता, आणि तो मला फार आवडला. सोमवारी उद्यान बंद. रविवारी मेगाब्लॉक, वर तिकडे गर्दी. गणपतीत अर्धी गल्ली कोकणात. कारवी तर ऑगस्टअखेरीला उमलायला लागते आणि ऑक्टोबरात ओसरते. उरला २१ तारखेचा शनिवार, तर तो पितृपक्षात आला. शेजारच्या आजींनी दारातूनच विचारलं, “पितृपक्षात कसली सहल काढताय?”

“आजी, नवरात्रापर्यंत थांब म्हणून कारवीला कोण सांगणार?” काका म्हणाले. “आता चुकली की आठ वर्षं.”

हा आकडा त्या खोलीत सतत कानावर येई. आठ वर्षं. या डोंगरातली कारवी २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली, आता २०२४. मधली सात वर्षं ती नुसती वाढते, खरखरीत पानांचं माणसाहून उंच रान होतं आणि कुणी तिच्याकडे वळून बघत नाही. आठव्या पावसाळ्यात उतारच्या उतार एकदम जांभळे होतात. मग बोंडं वाळतात, तडतडून फुटतात, बी उडतं आणि ते अख्खं रान मरून जातं. पुढच्या पावसात त्याच मातीतून नवी रोपं वर येतात आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

काकांच्या गावच्या घराला कारवीच्या काठ्यांचा कूड होता. काठ्या बांधायच्या, वर शेणमातीचा गिलावा. “फुलाच्या वर्षी वडील काठ्या तोडायला डोंगरात जायचे नाहीत,” ते म्हणाले. “मधमाश्यांचं वर्ष असायचं ते.” भांडुपला आल्यावर समोरच्या डोंगरातही तीच कारवी आहे, हे त्यांना बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. एकदा पाहुण्यांना कान्हेरी दाखवायला ते दादरवरून फेरा घालून गेले, तेव्हा वाटेत दिसली.

सहलीच्या पंधरा दिवस आधी ते एकटे जाऊन रान बघून आले होते. त्या दिवशीची कापडी पिशवी खुंटीला टांगलेली होती. कारवीचे तुरे चिकट असतात. ते पिशवीला घासले होते आणि खोलीभर एक उग्र वास होता. सुवास म्हणवेना, घाण तर नव्हेच. दुसऱ्या संध्याकाळी मी पिशवी नाकाशी धरली. तिसऱ्या संध्याकाळी जिना चढतानाच त्या वासाची वाट बघत होते. काकांनी ती धुवायला टाकली नव्हती. मुलं येऊन हुंगून जायची. सहल खरं तर तिथूनच सुरू झाली होती.

गल्लीतला एक तरुण म्हणाला, “काका, दादर कशाला? मागं भिंतीला भगदाड आहे. अर्ध्या तासात फुलांत.” मला त्याचं म्हणणं क्षणभर पटलं. बावीस मुलं, पाच मोठी माणसं, पहाटेची लोकल, दोन तासांचा फेरा. काका चिडले नाहीत. “पोरांच्या हातात तिकीट पाहिजे,” एवढंच म्हणाले. भगदाडातून गेलं की मुलं चोरासारखी इकडेतिकडे बघत चालतात, हे त्यांनी पाहिलं होतं. दोन तिकिटं होती, एक वनखात्याचं दाराशी, दुसरं कान्हेरीला पुरातत्त्व खात्याचं. दोन्ही प्रत्येकाच्या खिशात राहणार, असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. स्टीलची बाटली, डबा पिशवीच्या तळाशी, माकडांसमोर उघडायचा नाही, हेही.

एका आईनं मात्र नाव मागं घेतलं. २००४ च्या सुमारास या डोंगराच्या कडेनं बिबट्याचे हल्ले झाले, तेव्हा ती शाळेत जाणारी मुलगी होती. काकांनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. “दिवसाउजेडी, रस्त्यानं, घोळक्यानं जातोय. तरी तुझी भीती खरी आहे,” म्हणाले. शेवटी ती स्वतःच मुलाबरोबर आली. पाच मोठ्या माणसांतली एक.

शनिवारी कान्हेरीच्या वाटेवर पहिला जांभळा उतार दिसला, तेव्हा पुढची मुलं थांबली, मागची त्यांच्यावर आदळली आणि बराच वेळ कुणीच पुढे सरकेना. त्या आईनं ओढणीनं नाक पुसलं आणि म्हणाली, “पिशवीचाच वास.” माश्यांचा गुणगुणाट एवढा होता की काकांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

वर लेण्यांपाशी नऊ वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, “आपलं घर कुठल्या बाजूला?” काकांनी पूर्वेकडच्या कड्यापलीकडे हात केला. “म्हणजे आपण डोंगराच्या मागच्या बाजूला राहतो?”

“इथून बघितलं तर मागच्या,” काका म्हणाले. “घरातून बघितलं तर ही मागची.”

सोमवारी संध्याकाळी मी पुन्हा गेले. वहीत २०३२ चं पान सुरू झालं होतं. २५ सप्टेंबर, शनिवार. गणपतीच्या तारखा कालनिर्णय आल्यावर बघायच्या, अशी बारीक नोंद. मार्गाच्या रकान्यात ‘दादर’ लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह, कारण गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या जुळ्या बोगद्यांची पायाभरणी २०२४ च्याच जुलैत झाली होती. चित्रनगरीपासून खिंडीपाड्यापर्यंत, याच डोंगराच्या पोटातून, प्रत्येकी ४.७ किलोमीटर. बोगदा झाला तर पश्चिमेकडे जायला दादरचा फेरा राहणार नाही. डोंगर पोखरून मिळणाऱ्या सोयीचा मला निर्मळ आनंद होत नाही, आणि काकांच्या प्रश्नचिन्हातही तो नव्हता.

नावांपुढे तेव्हाची वयं होती. त्या मुलीपुढे १७. स्वतःच्या नावापुढे ७२, तितक्याच सरळ अक्षरात. रेल्वेचं अर्धं तिकीट बाराव्या वर्षापर्यंत, त्यामुळे अर्ध्या तिकिटाचा रकाना कोरा होता. या बावीसांपैकी त्यात बसणारं कुणी उरत नव्हतं.

“तो खोडू नका,” शेजारी बसलेली मुलगी म्हणाली. “नवीन पोरं येतील ना.”

काकांनी त्या रकान्यात ओळी आखायला पट्टी घेतली.