आंक्तील (आडनाव)

आंक्तील हे फ्रान्सच्या वायव्येकडील नॉर्मंडी प्रांतातील एक जुने आणि विरळ आढळणारे आडनाव आहे. रोमन लिपीत ते ए-एन-क्यू-यू-ई-टी-आय-एल असे लिहितात. मधल्या 'ई'चा उच्चार बोलण्यात जवळजवळ होत नाही, त्यामुळे ऐकताना 'आं' आणि 'क्तील' अशी दोनच अक्षरे कानावर पडतात. इंग्रजी वळणाने ते 'अँक्वेटिल' असे वाचले जाते. ते मूळ उच्चाराशी जुळत नाही. सायकलपटू जाक आंक्तील याच्यामुळे हे आडनाव विसाव्या शतकात जगभर पोहोचले. त्याच्या दोनशे वर्षे आधी अवेस्ता आणि उपनिषदे युरोपात नेणाऱ्या आंक्तील-द्युपेराँ या विद्वानामुळे ते भारतविद्येच्या अभ्यासकांना परिचित झाले होते.

फ्रेंच वाटणारे हे आडनाव मुळात फ्रेंच नाही. ते स्कँडिनेव्हियातील 'आस्केतिल' या पुरुषनामाचे नॉर्मन रूप आहे. दहाव्या शतकात नॉर्मंडीत स्थायिक झालेल्या व्हायकिंगांबरोबर हे नाव तेथे आले. पुढे व्यक्तिनाम म्हणून ते लोप पावले; आडनाव म्हणून मात्र टिकले.

व्युत्पत्ती

प्राचीन नॉर्स भाषेतील आस्केतिल हे नाव 'आस' आणि 'केतिल' या दोन शब्दांचा समास आहे. 'आस' म्हणजे देव; ओडिन, थॉर इत्यादी देवता ज्या कुळातील मानल्या जात त्या कुळातील एक. 'केतिल' म्हणजे मोठा हंडा. ख्रिस्तपूर्व धर्मातील यज्ञप्रसंगी बळी दिलेल्या पशूचे मांस हंड्यात शिजवून सर्वांना वाटले जाई. त्यामुळे 'देवाचा हंडा' हा अर्थ आज विचित्र वाटला, तरी त्या काळच्या श्रोत्याला त्यात पवित्र पात्राची सूचना जाणवत असावी. मात्र जर्मानिक समाजांत दोन घटक जोडून नाव घडवण्याची रीत इतकी रूढ होती, की प्रत्येक समासाला संपूर्ण अर्थ असेलच असे धरून चालता येत नाही. थॉरचे नाव आणि तोच 'केतिल' मिळून 'थोरकेतिल' होते, आणि नॉर्मंडीतील तुर्क्तील हे आडनाव त्यातूनच आले आहे.

'केतिल' हा शब्द जर्मानिक भाषांनी फार पूर्वी लॅटिनमधून घेतलेला मानला जातो. इंग्रजीतील 'केटल' त्याच कुळातला. 'आस' मात्र अस्सल जर्मानिक असून त्याचे जुने रूप 'आन्स-' असे होते. काही भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध संस्कृत 'असुर' आणि अवेस्तातील 'अहुर' या शब्दांशी जोडतात. हे मत सर्वमान्य नाही. ते ग्राह्य धरल्यास, अहुर मज्दाच्या उपासकांचा धर्मग्रंथ युरोपीय भाषेत प्रथम आणणाऱ्या माणसाच्या आडनावातच त्या शब्दाचा दूरचा नातलग दडलेला होता, असा योगायोग दिसतो.

ध्वनिपरिवर्तन

अकराव्या शतकातील लॅटिन दस्तऐवजांत हे नाव 'आन्स्केतिलुस' या रूपात वारंवार येते. त्यातील अनुनासिकाचे स्पष्टीकरण दोन प्रकारे दिले जाते. एक असे, की दहाव्या शतकातील स्कँडिनेव्हियन बोलीत 'आस'मधील स्वर अजून नाकातून उच्चारला जात होता आणि नॉर्मन लेखनिकांनी तो ऐकला तसा नोंदवला. दुसरे असे, की उत्तर फ्रान्समधील फ्रँक लोकांत 'आन्स-'ने सुरू होणारी नावे (उदा. आन्सेल्म) आधीपासून होती आणि नवे नाव त्या साच्यात बसवले गेले. दोन्ही कारणे एकाच वेळी लागू पडण्यास अडचण नाही.

पुढचा टप्पा फ्रेंच भाषेच्या सर्वसाधारण नियमाचा आहे. व्यंजनापूर्वीचा 'स' मध्ययुगीन फ्रेंचमधून गळत गेला. 'होस्तेल'चे 'ओतेल' झाले, त्याच रीतीने 'आन्स्केतिल'चे 'आंकेतिल' आणि मग 'आंक्तील' झाले. 'क्यू-यू' ही अक्षरे केवळ लेखनाची गरज म्हणून आली. फ्रेंचमध्ये 'ई'पूर्वीचा 'सी' हा 'स' असा वाचला जातो, म्हणून 'क' हा उच्चार राखण्यासाठी लेखनिकांनी आधी 'सी-एच' आणि नंतर 'क्यू-यू' वापरले.

स्कँडिनेव्हियात याच नावाचा प्रवास वेगळा झाला. तेथे 'केतिल' हा घटक आखडून 'केल' झाला आणि आइसलँडमध्ये 'आस्केल', तर डेन्मार्क व स्वीडनमध्ये 'एस्किल' ही रूपे रूढ झाली. स्वीडनमधील एस्किलस्टुना हे शहर अकराव्या शतकातील संत एस्किल यांच्या नावाने ओळखले जाते. नॉर्मंडीतील रूपात मात्र 'केतिल' पूर्ण आहे. मूळ भूमीत झिजलेला शब्द परक्या भाषेत अधिक जुन्या अवस्थेत टिकल्याचे हे चांगले उदाहरण होय.

व्यक्तिनामाचे आडनाव होणे

इ.स. 911 मध्ये फ्रँक राजा साधा चार्ल्स आणि व्हायकिंग प्रमुख रोलो यांच्यात सँ-क्लेर-स्यूर-एप्त येथे करार झाला आणि सेन नदीच्या मुखाकडील प्रदेश रोलोकडे आला. नवागतांनी काही पिढ्यांतच ख्रिस्ती धर्म आणि स्थानिक रोमान्स भाषा स्वीकारली. त्यांची भाषा मागे राहिली नाही. गावांची आणि माणसांची नावे मात्र राहिली. त्या काळी माणसाला एकच नाव असे आणि आंक्तील हे अशा नावांपैकी एक होते. आर्कूर या प्रख्यात सरदार घराण्याच्या वंशावळीत आरंभीच तुर्क्तील आणि त्याचा पुत्र आंक्तील ही नावे येतात. 1086 च्या 'डूम्सडे बुक' या इंग्लंडच्या जमीनपाहणीतही विजेत्या विल्यमबरोबर समुद्र ओलांडून गेलेल्यांमध्ये आन्स्केतिल नावाचे जमीनधारक आढळतात.

यानंतर परिस्थिती पालटली. राजघराण्यातील गियोम, रोबेर, रिशार ही नावे आणि त्यांच्या जोडीला संतांची नावे इतकी लोकप्रिय झाली, की जुनी स्कँडिनेव्हियन नावे मागे पडली. या लाटेची कल्पना रोबेर द तोरिन्यी या समकालीन इतिवृत्तकाराने नोंदवलेल्या एका प्रसंगावरून येते. 1171 च्या नाताळात बायोजवळील बूर येथे तरुण राजा हेन्रीचा दरबार भरला होता. तेथे एका दालनात गियोम नसलेल्या सर्वांना गमतीने बाहेर काढण्यात आले, तरी आत शंभराहून अधिक सरदार उरले.

एकाच गावात दहा गियोम असतील तर त्यांना ओळखायचे कसे, या व्यावहारिक अडचणीतून आडनावे रूढ झाली. कोणी धंद्यावरून, कोणी गावावरून, कोणी अंगलक्षणावरून ओळखला जाऊ लागला. तर कोणी बापाच्या नावावरून. 'आंक्तीलचा गियोम' ही ओळख सोयीची होती, कारण आंक्तील हे नाव तोवर दुर्मीळ होत चालले होते आणि दुर्मीळ नावानेच माणूस नेमका ओळखता येतो. सर्वसाधारणपणे अकराव्या ते तेराव्या शतकांदरम्यान अशा ओळखी वंशपरंपरागत झाल्या. एखादे नाव बारशाच्या वापरातून जाण्याआधी आडनावात गोठले तर ते वाचे, नाही तर नाहीसे होई. आंक्तील वेळेवर गोठले. तुतँ (थोरस्टेनपासून), आंगो (आस्गाउतपासून) आणि ओस्माँ ही नॉर्मन आडनावेही याच मार्गाने आजवर आली आहेत.

आइसलँडशी तुलना केली तर उलट चित्र दिसते. तेथे आस्केल हे व्यक्तिनाम म्हणून आजही ठेवले जाते, पण बापाच्या नावावरून पडणारे उपनाम दर पिढीला बदलत असल्यामुळे ते वंशपरंपरागत आडनाव झाले नाही.

हे आडनाव धारण करणारा प्रत्येक जण व्हायकिंगांचा वंशज असतो, असे लोकप्रिय लेखनात सर्रास म्हटले जाते. त्याला आधार नाही. अकराव्या शतकापर्यंत ही नावे नॉर्मंडीतील सर्व थरांत पसरली होती आणि फ्रँक वंशातील शेतकरीही आपल्या जमीनदाराच्या नावावरून मुलाचे नाव ठेवू शकत होता. आडनावावरून नावाचा इतिहास कळतो; रक्ताचा इतिहास त्यावरून सिद्ध होत नाही.

लेखनभेद आणि संबंधित नावे

1539 च्या व्हिलेर-कोतरे येथील राजाज्ञेने फ्रान्समधील पाद्र्यांना बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. तरीही आडनावाचे लेखन बराच काळ नोंद करणाऱ्याच्या कानावर अवलंबून होते. 23 ऑगस्ट 1794 च्या कायद्याने जन्मनोंदीत असलेल्या नावाखेरीज दुसरे नाव लावण्यास मनाई केली, आणि 1877 पासून कुटुंबांना मिळू लागलेल्या अधिकृत कुटुंबपुस्तिकेमुळे लेखन बहुतेक कायमचे ठरून गेले. त्याआधी जो भेद पडला तो तसाच पुढे चालू राहिला. कॅनडातील क्वेबेक प्रांतात हेच आडनाव 'क्यू-यू-ई'ऐवजी केवळ 'सी' घालून लिहितात. उच्चार जवळपास तोच असला, तरी नोंदींच्या दृष्टीने ते वेगळे आडनाव ठरते. नॉर्मंडीतील आंक्तँ हे आडनावही शेवटच्या अक्षरात बदल होऊन आंक्तीलपासूनच निघाले असावे. चित्रकार लुई आंक्तँ (1861–1932) अर विभागातील एत्रेपान्यी येथे जन्मला होता. इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावरही, जे मध्ययुगात नॉर्मंडीच्या ड्यूकांकडे होते, आंक्तील आडनाव आढळते.

इंग्लंडमध्ये एकाच मूळ नावाची तीन रूपे एकत्र आली. अँग्लो-सॅक्सन भाषेत 'आन्स-'चे 'ओस-' होत असल्याने तेथे 'ओस्किटेल' असे रूप होते. 971 मध्ये निधन पावलेल्या यॉर्कच्या आर्चबिशपचे हेच नाव होते. डेन लोकांनी आस्केतिल आणले आणि 1066 नंतर नॉर्मनांनी आन्स्केतिल. त्यांतून अँकेटेल, अ‍ॅस्केल, हॅस्केल अशी आडनावे निर्माण झाली. हॅस्केल पुढे अमेरिकेत व्यक्तिनाम म्हणूनही ठेवले जाऊ लागले. संगणकाची हॅस्केल ही आज्ञावली-भाषा ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी (1900–1982) यांचे नाव त्यापैकीच होय.

प्रसार

या आडनावाचे मुख्य क्षेत्र आजही नॉर्मंडी हेच असून त्यातही रूआँ शहराचा परिसर आणि सेन-मारितीम विभाग हे त्याचे केंद्र आहे. ग्रामनामांवरून मात्र व्यक्तिनाम म्हणून त्याचा विस्तार मोठा असल्याचे दिसते. को पठारावरील आंक्तिएरव्हिल, मांश विभागातील आंक्तव्हिल आणि काल्व्हादोस विभागातील आंक्तोव्हिल या तिन्ही गावांचा अर्थ 'आस्केतिलची वाडी' असाच आहे. ग्रामपालिकांच्या विलीनीकरणामुळे यांतील आंक्तोव्हिल 2017 मध्ये ओर्सल या नव्या पालिकेत, तर आंक्तव्हिल 2019 मध्ये सँ-सोव्हर-व्हिलाज या नव्या पालिकेत समाविष्ट झाले.

फ्रेंच आडनावांच्या प्रसाराचा अभ्यास प्रामुख्याने राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या नामसूचीवरून केला जातो. ती 1891 ते 1990 या काळातील जन्म पंचवीस वर्षांच्या चार खंडांत, विभागवार दाखवते. तिचा वापर करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. मूळ नोंदवही 1940 च्या दशकात तयार झाल्याने त्यापूर्वी मरण पावलेल्यांची गणना अपुरी आहे; आणि सूची जन्म मोजते, त्या आडनावाची हयात माणसे नव्हे. शिवाय प्रत्येक लेखनभेद स्वतंत्र मोजला जात असल्याने आंक्तीलसारखे नाव आहे त्याहून अधिक दुर्मीळ भासते.

1 जानेवारी 2005 पूर्वी फ्रान्समध्ये विवाहित दांपत्याच्या अपत्यास पित्याचेच आडनाव मिळत असे. ज्या घरात केवळ मुली जन्मल्या तेथे ती शाखा नावापुरती संपे, आणि थोड्याच कुटुंबांत असलेल्या आडनावांना याचा फटका अधिक बसे. 2002 च्या कायद्याने मातेचे किंवा दोघांचे आडनाव देण्याची मुभा दिली. 2022 पासून सज्ञान व्यक्तीस साध्या अर्जाद्वारे मातेचे आडनाव घेता येते.

उल्लेखनीय व्यक्ती

अठराव्या शतकात पॅरिसमधील एका मसाल्याच्या व्यापाऱ्याच्या घरातील तीन भावांनी हे आडनाव विद्येच्या आणि प्रशासनाच्या क्षेत्रात नेले. थोरले लुई-पिएर आंक्तील इतिहासकार झाले. आब्राम इयासँत आंक्तील (1731–1805) यांनी भावंडांपासून वेगळे ओळखले जावे म्हणून 'द्युपेराँ' हे जोडनाव घेतले, तर एत्येन यांनी 'द ब्रियांकूर' हे. एत्येन पुढे सुरतेतील फ्रेंच वखारीचे प्रमुख होते. एकाच आडनावाच्या भावांना नवी शेपटी लावावी लागणे ही बाराव्या शतकातल्या गियोमांच्याच अडचणीची पुनरावृत्ती होती.

आंक्तील-द्युपेराँ 1755 मध्ये सैनिक म्हणून नाव नोंदवून भारतात आले. पाँडिचेरी, बंगाल असा प्रवास करून 1758 मध्ये ते सुरतेला पोहोचले आणि तेथील पारशी दस्तुरांकडून त्यांनी अवेस्ता व पहलवी भाषांचे शिक्षण घेतले. त्यांचा 'झेंद-अवेस्ता' 1771 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्रवासवृत्तात वेरूळची लेणी आणि त्या वेळी मराठ्यांच्या ताब्यात असलेल्या साष्टी बेटावरील कान्हेरीची लेणी यांचे वर्णन आहे, त्यामुळे महाराष्ट्राच्या लेण्यांविषयीच्या आरंभीच्या युरोपीय लेखनात त्याची गणना होते. दारा शुकोहने करवून घेतलेल्या उपनिषदांच्या फारसी भाषांतरावरून त्यांनी केलेले लॅटिन भाषांतर 1801–02 मध्ये निघाले. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर यांना उपनिषदांचा परिचय याच ग्रंथाने झाला.

जाक आंक्तील (1934–1987) याचा जन्म रूआँलगतच्या माँ-सँतेन्याँ येथे, म्हणजे आडनावाच्या ऐन माहेरी झाला. टूर द फ्रान्स ही शर्यत त्याने 1957 मध्ये आणि नंतर 1961 ते 1964 अशी सलग चार वर्षे जिंकली. पाच विजेतेपदे मिळवणारा तो पहिला सायकलपटू होता. इटलीची 'जिरो' 1960 व 1964 मध्ये आणि स्पेनची 'व्हुएल्टा' 1963 मध्ये त्याने जिंकली. रूआँजवळील कँकाँप्वा या गावी, जेथे त्याचे बालपण गेले, त्याचे दफन करण्यात आले.