सरकार नसलेली राजधानी

मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की धारवाडात हमखास दोन प्रश्न विचारतात. पेढा कुठे घ्यायचा, आणि एवढ्याशा गावात इतक्या कचेऱ्या कशा? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लाइन बझारात जायचं आणि ठाकुरांच्या पेढ्यासाठी रांग लावायची. हे घराणं मूळचं उन्नावचं. त्यांनी नावारूपाला आणलेल्या धारवाडी पेढ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी आमच्या माळमड्डीच्या घरातल्या मागच्या खोल्या दाखवते.

खोल्या भाड्यानं देणं हा आमच्या घराचा पिढीजात जोडधंदा. गावात कुठली कचेरी आली, कुठली गेली, हे आम्हाला वर्तमानपत्राआधी भाडेकरूवरून कळतं. या गावाला राज्य कधी मिळालं नाही, पण राजधानीचा संसार मात्र ते जवळपास दीडशे वर्षं करत आलंय. लांबलांबची माणसं हातात कागद घेऊन येतात, चार दिवस किंवा चार वर्षं राहतात आणि काम झालं की जातात. राजधानी याहून वेगळी काय असते?

सुरुवात रेल्वेपासून. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय धारवाडात आलं. आजेसासऱ्यांनी त्या कारकुनांचा रुबाब पाहिला होता, असं सासरे सांगत. १९०८ साली ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एकत्र झाल्या आणि मुख्यालयाचा मान मद्रासकडे गेला. दुसरं एखादं गाव ओस पडलं असतं. आमच्याकडे १९१७ मध्ये कर्नाटक कॉलेज सुरू झालं आणि रेल्वेची ती दगडी इमारत पुढे कॉलेजला मिळाली. कारकून गेले, पोरं आली. खोल्या काही रिकाम्या राहिल्या नाहीत.

त्या काळी आमची राजधानी होती मुंबई. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता, आणि एकोणिसाव्या शतकात इथल्या कचेरीत न् शाळेतही मराठीचाच वरचष्मा होता. कन्नड लोकांना ते खुपणं स्वाभाविकच होतं. त्यातूनच १८९० साली इथे कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, आम्ही म्हैसूर राज्यात गेलो आणि राजधानी झाली बंगळूर, सव्वाचारशे किलोमीटरवर. दिशा बदलली, पण प्रवास रात्रभराचाच राहिला. संध्याकाळी भाकरी बांधून गाडीत बसायचं, सकाळी साहेबाच्या दारात उभं राहायचं, साहेब नसले तर पुन्हा तसंच. धारवाडच्या कचेऱ्यांचं मूळ या प्रवासात आहे. राजधानी हाताशी नाही म्हटल्यावर माणसं म्हणू लागली, निदान अमुक तरी इथे द्या. या गावानं बरंच काही असं मागून, भांडून, कधी वर्गणी काढून मिळवलेलं आहे.

कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं तेही मुंबईत. वर्षभरात ते इथे आलं. केंब्रिजला गणित शिकलेले डी. सी. पावटे १९५४ ते १९६७ कुलगुरू होते. छोटा महाबळेश्वर नावाच्या टेकडीवर आज दिसतो तो परिसर त्यांच्या काळात आकाराला आला. १९५०च्या जानेवारीत आकाशवाणीचं केंद्रही सुरू झालं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मागे विद्यापीठात शिकणारा कारवारचा एक मुलगा राहायचा. त्याचं सगळं छान होतं, फक्त मासे मिळत नाहीत म्हणून तो रविवारी उदास असे. शेजारच्या खोलीत विजापूरचा. त्याच्या घरून महिन्याला ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगदाण्याची चटणी यायची. परीक्षेच्या दिवसांत दोघांची गुजराण त्यावरच.

पुढे १९८०ला गुलबर्ग्याला आणि २०१०ला बेळगावला स्वतंत्र विद्यापीठं झाली, तशी लांबची पोरं कमी झाली. तोवर कोर्ट आलं होतं. उच्च न्यायालयाचं खंडपीठ इकडे हवं म्हणून वकिलांनी वर्षानुवर्षं लढा दिला. २००८च्या जुलैत फिरतं खंडपीठ बसलं, २०१३ला ते कायम झालं. बेळगाव, बागलकोट, कारवार, बळ्ळारीपर्यंतचे दावे इथे चालतात. मागची एक खोली आता एका तरुण वकिलाकडे आहे. सकाळी सात वाजताच त्याचे पक्षकार फाटकाशी उभे असतात. धोतर, गांधी टोपी, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. "मावशी, वकीलसाहेब उठले का?" असं कन्नडमध्ये विचारतात. भावाभावांत जमिनीचा दावा, वडिलांपासून चाललेला. मी चहा देते, निकाल काय लागला ते विचारत नाही.

बाकीच्या खोल्यांत परीक्षावाली पोरं-पोरी. सप्तापूर भागात गेलात तर भिंत दिसणार नाही, एवढ्या क्लासांच्या पाट्या. फौजदार, तलाठी, शिक्षक, केएएस म्हणजे राज्य प्रशासकीय सेवा, सगळ्याची तयारी तिथे होते. उत्तर कर्नाटकातली शेतकऱ्यांची मुलं इथे येऊन वर्षानुवर्षं अभ्यास करतात. तासावर नव्हे, महिन्याच्या पैशावर खुर्ची देणाऱ्या अभ्यासिका आहेत. दुपारी खानावळीत भाकरी, भरली वांगी आणि जवसाची चटणी, संध्याकाळी गाड्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची, की पुन्हा पुस्तक. भरतीची जाहिरात लांबली की चेहरे उतरतात आणि भाडंही लांबतं. अशा वेळी मी तगादा लावत नाही. जिचं नाव यादीत आलं ती पोरगी पेढे घेऊन येते तेव्हा मागचं सगळं चुकतं होतं.

एवढ्याशा गावाला राजधानी कसं म्हणायचं? राजधान्या लहान असूच शकतात. भूतानची थिंफू २०१७च्या जनगणनेत सव्वा लाखाच्याही आतली होती. आमच्या आजूबाजूला तर संस्थानिकांच्या चिमुकल्या राजधान्यांची दाटी होती: जमखंडी, रामदुर्ग, मुधोळ, सावनूर. सवाई गंधर्वांचं कुंदगोळ हुबळीच्या कुशीत, पण मालकी जमखंडीच्या पटवर्धनांची. १९४८ साली संस्थानं विलीन झाली, दरबार उठले, आणि यातली बरीच गावं तालुक्याची ठाणी होऊन बसली. धारवाडचं तसं झालं नाही, कारण इथे राजा नव्हताच. राजा गेला की राजधानी जाते. कचेऱ्या एकेक करून येतात आणि जातानाही सगळ्या एकदम जात नाहीत.

याचा गावाच्या स्वभावावर परिणाम होतो. इथे कुणाला घाई नाही, आणि मोठ्या माणसाचं कुणाला अप्रूपही नाही. मराठी घरात वाढलेले बेंद्रे साधनकेरीला राहून कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी झाले. जी. ए. कुलकर्णी इथे इंग्रजी शिकवत आणि पुण्या-मुंबईच्या सभांपासून चार हात लांब राहून कथा लिहीत. गायक मल्लिकार्जुन मन्सूर रस्त्यात दिसत, लोक हात जोडत आणि आपापल्या भाजीच्या पिशव्या सांभाळत पुढे जात. दूर असण्याचा हा फायदा आहे. काम करणाऱ्याला कुणी त्रास देत नाही.

पैसा मात्र वीस किलोमीटरवर, हुबळीत. बाजार तिकडे, मोठं सरकारी इस्पितळ तिकडे, आणि २००३पासून दक्षिण पश्चिम रेल्वेचं मुख्यालयही तिकडेच. रेल्वे फिरून जवळ आली, पण आमच्या गावात नाही, हे जुन्या धारवाडकरांना अजून बोचतं. हुबळीकर म्हणतात, धारवाडला नुसतं बोलता येतं. आम्ही म्हणतो, हुबळीला नुसतं मोजता येतं. आणि दोघं रोज एकाच बसमध्ये बसतो. पूर्वी बेंद्र्यांच्या नावानं धावणाऱ्या खासगी बसची सवय होती, २०१८पासून स्वतंत्र मार्गिकेवरून 'चिगरी' बस धावते.

१९६२ पासून दोन्ही गावांची महानगरपालिका एकच. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या नऊ लाख त्रेचाळीस हजार भरली. एवढ्या मोठ्या शहरात आपला आवाज हुबळीखाली दबतो, अशी धारवाडची जुनी तक्रार. म्हणून स्वतंत्र पालिकेसाठी पुन्हा तेच: निवेदनं, मोर्चे, शिष्टमंडळं. २०२५च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं वेगळ्या धारवाड महानगरपालिकेला मंजुरी दिली.

सरकार स्वतः इकडे यावं अशी हौस मला कधी वाटली नाही. बेळगावला २०१२ साली सुवर्ण विधानसौध बांधला. हिवाळ्यात तिथे अधिवेशन भरतं, मोटारींचे ताफे येतात, उठलं की इमारत पुढच्या वर्षाची वाट बघते. त्यापेक्षा आमचं बरं. बारा महिने, रोज सकाळी कुणीतरी कागद घेऊन येतंच. नवी पालिका झाली की तिचे कर्मचारी बाहेरगावाहून येतील, त्यांना राहायला जागा लागेल. मागची कोपऱ्यातली खोली मी रंगवून घेतली आहे. भाडं आधीच सांगून ठेवते, दोन महिन्यांची अनामत, आणि पाणी जपून.