गणिताची शिकवणी आणि न दिसणारी वही

जून महिना उजाडला की वह्या-पुस्तकांच्या खरेदीबरोबर अलीकडे आणखी एका खरेदीचा खल मध्यमवर्गीय घरांतून सुरू होतो. मुलाला गणिताची ऑनलाइन शिकवणी लावायची, तर टॅब घ्यावा की लॅपटॉप? मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली तेव्हा नाइलाज म्हणून पत्करलेली ही व्यवस्था शाळा पुन्हा भरू लागल्यावरही शिकवणीच्या रूपाने टिकून राहिली. तालुक्याच्या गावी राहून पुण्या-मुंबईच्या शिक्षकाकडे शिकता येते, ही तिची सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु साधनांचा विचार बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. शिक्षक मुलाला स्पष्ट दिसावा याची काळजी सारेच घेतात. मुलाची वही शिक्षकाला कशी दिसणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

वस्तुतः गणित हा केवळ ऐकून येणारा विषय नव्हे. तो हाताने करावयाचा विषय आहे. −२(क्ष − ३) याचा विस्तार −२क्ष − ६ असा करणाऱ्या मुलाचे अंतिम उत्तर चुकते, एवढेच दूरच्या शिक्षकाला कळते. चूक नेमकी वजा चिन्हापाशी झाली, हे कळण्यासाठी ती ओळ लिहिली जात असताना दिसावी लागते. वर्गात बाकांमधून फिरणारे गुरुजी वहीत डोकावून नेमके हेच काम करीत. पडद्यावरच्या शिकवणीत ही नजर हरपली, तर मुलगा मान डोलावत राहतो, आणि न समजल्याचा उलगडा होतो तो परीक्षेच्या निकालात.

ही नजर परत मिळविण्यास मोठा खर्च लागत नाही. घरात दोन फोन असतील, तर एक समोर ठेवावा आणि दुसरा चार पुस्तकांच्या चळतीवर असा बसवावा, की त्याचा कॅमेरा खाली वहीकडे राहील. एकच फोन असेल, तर प्रत्येक उदाहरण सोडविल्यावर त्या पानाचे छायाचित्र शिक्षकास पाठवावे. पेन्सिलीची फिकी रेघ कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून गडद शाईचे पेन बरे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डाव्या बाजूस ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. चुकलेली ओळ खोडरबराने पुसू नये, नुसती काट मारावी. कारण ती चूक हाच शिक्षकाचा खरा पुरावा असतो. चौकटींची वही, आलेख कागद आणि कंपासपेटी यांना अद्याप पर्याय निघालेला नाही. संगणकाला जोडून लिहावयाची पाटी व लेखणी काही हजारांना मिळते. पण तिची गरज शिक्षकाला अधिक. विद्यार्थ्याला शालान्त परीक्षा अखेर कागदावरच द्यावयाची आहे.

साधनांच्या थाटावर शिक्षण अवलंबून नसते, याचा दाखला अमेरिकेत आहे. सलमान खान (चित्रपट अभिनेते नव्हेत) यांनी २००४ मध्ये बोस्टनहून न्यू ऑर्लिन्समधील आपल्या नात्यातील मुलीला गणित शिकविण्यास आरंभ केला, तो टेलिफोन आणि दोघांनाही लिहिता येईल असे संगणकावरील एक साधे टिपणपान एवढ्यावर. पुढे त्यातूनच खान अकादमी उभी राहिली.

अभ्याससाहित्याचीही अशीच गोष्ट आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. केंद्र सरकारचे दीक्षा हे व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे. वर्तुळाची त्रिज्या वाढविली की स्पर्शिकेचे काय होते, हे डोळ्यांनी दाखविणारे जिओजेब्रा विद्यार्थ्यास फुकट मिळते. तेव्हा उणीव साहित्याची नाही. एकाच पुस्तकातील उदाहरणसंग्रह शेवटपर्यंत सोडविण्याचा नेट मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. महागड्या अॅपच्या वर्गणीत तो समाविष्ट असतो, अशी समजूत पालकांनी करून घेऊ नये.

तथापि दोन फोनांचा सल्ला ज्यांच्या घरी एकही फोन मोकळा नाही, त्यांना काय उपयोगाचा? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीत ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के घरांत संगणक आढळला होता. त्यानंतर हातोहाती फोन पोहोचले, हे खरे. पण वडिलांबरोबर कामावर जाणारा फोन सायंकाळी सातच्या शिकवणीला घरी असेलच असे नाही. तो घरी असला आणि भावंडे दोन असली, तर त्यावर कोणी बसायचे याचा निर्णय पुष्कळदा मुलीच्या विरुद्ध जातो.

यावरचा उपाय घराबाहेर शोधावा लागेल. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि अभ्यासिकांची परंपरा गावोगाव रुजलेली आहे. ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत अथवा सायंकाळी बंद राहणाऱ्या शाळेच्या संगणक कक्षात चार संगणक, चांगली जोडणी, कानाला लावावयाची यंत्रे आणि वहीवर रोखलेला एकेक कॅमेरा एवढी सोय ग्रामपंचायतींना वा नगरपालिकांना अशक्य नाही. वेळापत्रक लावून दिले, तर तेवढ्याच सामग्रीवर अनेक मुलांची शिकवणी होऊ शकेल.

टॅब की लॅपटॉप, हा वाद दुकानदारांना लाभदायक आहे. मुलाच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच आहे: त्याचे चुकलेले पाऊल वेळीच कोणाला दिसणार आहे की नाही? त्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर जुना फोन आणि दहा रुपयांचे पेनही पुरे. नसेल, तर किमती पडद्यावरही गणित अंधारातच राहील.