ग्रह दिसत नाही, मग सापडतो कसा?

रात्री शेतातून वर पाहिलं की तारे दिसतात. पण त्यांच्याभोवती फिरणारे ग्रह मोठ्या दुर्बिणीतूनही सहसा दिसत नाहीत. ताऱ्याच्या उजेडात ते हरवतात. म्हणून शास्त्रज्ञ ताऱ्यावरच नजर ठेवतात.

गोफण फिरवताना माणूसही थोडा डोलतो, तसा ग्रहाच्या ओढीनं तारा डोलतो आणि त्याच्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो. याच खुणेवरून १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना ५१ पेगासी ताऱ्याचा ग्रह सापडला. तिथलं वर्ष फक्त सव्वाचार दिवसांचं!

दुसरी खूण उजेडाची. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड घटतो. सूर्यासारख्या ताऱ्याचा गुरूएवढा ग्रह सुमारे एक टक्का उजेड अडवतो. पृथ्वीएवढा ग्रह दहा हजारांत एक भागही नाही. म्हणूनच दुसरी पृथ्वी शोधणं एवढं अवघड.