परवान्याचे फूल

मुलांनो, दिव्याभोवती फिरणाऱ्या परवान्याला मराठीत काय म्हणतात, ठाऊक आहे? पतंग. संक्रांतीला आपण दोऱ्याने उडवतो तोही पतंगच; पण मी सांगतो आहे तो पंखांचा पतंग. एका फुलाला त्याचे नाव मिळाले आहे.

हे फूल ऑर्किडचे. ऑर्किडला मराठीत आमरी असेही म्हणतात. या आमरीच्या लांब, वाकलेल्या दांड्यावर पांढरी किंवा जांभळी फुले ओळीने बसतात. फुलाच्या बाजूच्या दोन रुंद पाकळ्या पसरलेल्या पंखांसारख्या दिसतात. १८२५ साली ब्लूमे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने जावा बेटावरील अशा झाडाला ‘फॅलनॉप्सिस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पतंगासारखे दिसणारे’ असा होतो. तिथल्या लोकांना मात्र या फुलात पतंग दिसला नाही, चंद्र दिसला! ते त्याला ‘अंग्रेक बुलान’ म्हणजे चंद्राचे ऑर्किड म्हणतात. १९९३ साली ते इंडोनेशियाच्या राष्ट्रीय फुलांपैकी एक झाले.

एका ईदला शेजारच्या खालांनी मला या फुलांची कुंडी भेट दिली. तशीच एक त्यांनी स्वतःसाठीही आणली होती. माझ्या कुंडीत माती नव्हतीच, नुसते झाडाच्या सालीचे तुकडे होते. ‘बिचाऱ्याला माती नाही!’ असे म्हणून मी ते झाड चांगल्या काळ्या मातीत लावले. रोज दोन वेळा पाणी घातले. महिनाभरात पाने पिवळी पडली. उपटून पाहिले, तर मुळे काळी आणि मऊ झाली होती. खाला भेटल्या की विचारायच्या, “झाड कसे आहे?” आणि मी दुसराच विषय काढायचो.

माझे काय चुकले? हे झाड मुळात कुठे वाढते ते पाहा. जावा, फिलिपाईन्स अशा उष्ण आणि दमट प्रदेशांतील जंगलांत ते जमिनीवर नाही, तर उंच झाडांच्या फांद्यांवर वाढते. आपल्या कोकणातही आंब्याच्या खोडावर दुसऱ्या जातींच्या आमऱ्या दिसतात. त्यांना बांडगूळ समजू नका. बांडगूळ दुसऱ्या झाडात मुळे घुसवून त्याचा रस पिते. आमरी फांदीचा फक्त आधार घेते. भाडे देत नाही हे खरे; पण घरमालकाच्या ताटातले खातही नाही!

तिची मुळे हवेत लोंबतात. त्यांच्यावर स्पंजासारखे आवरण असते. पाऊस आला की ते झटकन पाणी शोषून घेते, मग वारा त्याला वाळवतो. मातीत पाणी साचून राहिले, तर मुळांना हवा मिळत नाही. ती गुदमरतात आणि कुजतात. मी माझे झाड प्रेमाने बुडवले होते.

पुढे एकदा खालांच्या ओट्यावर त्यांची कुंडी दिसली. “फुले गळली. मेले ते झाड. आता टाकून देणार,” त्या म्हणाल्या. पण पाने जाड आणि हिरवीगार होती. ही फुले दोन-तीन महिने टिकतात, मग गळतात. झाड मरत नाही. मी ती कुंडी मागून घेतली आणि माझ्या झाडाचे काय झाले, तेही त्यांना सांगून टाकले.

तुम्हाला असे झाड मिळाले, तर त्याला सालीचे तुकडे, कोळसा आणि नारळाच्या शेंड्या पुरेत. कुंडीला खाली भोके हवीतच. पाणी घालण्याआधी मुळांकडे पाहा. ती चंदेरी दिसली तर झाडाला तहान लागली आहे. हिरवी असली तर थांबा. साधारणपणे आठवड्यातून एकदा, कडक उन्हाळ्यात दोनदा, सकाळी भरपूर पाणी घाला आणि ते सगळे निथळू द्या. पानांच्या मधोमध पाणी साचले तर पुसून काढा, नाहीतर गाभा कुजतो. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवा. दुपारच्या उन्हाने पाने करपतात. खत अगदी पातळ करून, तेही क्वचितच घाला.

फुलण्यासाठी मात्र या झाडाला थोडा गारवा लागतो. काही आठवडे रात्री १८ अंश सेल्सिअसच्या आसपास गार राहिल्या, की नवा दांडा निघतो. आपल्याकडे अशा रात्री दिवाळीनंतर येतात.

जानेवारीत खालांच्या झाडाच्या पानाखाली एक हिरवे टोक दिसले. दांडा की मूळ? मुळाचे टोक गोल आणि गुळगुळीत असते, दांड्याचे थोडे चपटे असते. मला काही खात्री होईना. मी रोज सकाळी जाऊन ते पाहत होतो. आठव्या दिवशी ते टोक वर, उजेडाकडे वळलेले दिसले. मी कुंडी उचलली आणि खालांचे दार वाजवले.