लाल मखमली बिस्किटें

गेल्या पौषांत आमच्या शहापूरच्या घरीं एक लहानसा पेंच पडला. पेंच बिस्किटांचाच होता. पण त्यांत घरांतील चारहि पिढ्या गुंतल्या, म्हणून तो वाचकभगिनींपुढें मांडण्यासारखा वाटतो. धाकट्या जाऊबाईंच्या मुलीचा आठवा वाढदिवस जवळ आला होता. नागपुरास एका मैत्रिणीकडे तिनें 'रेड व्हेल्व्हेट' नांवाचीं जाड, मऊ, लालभडक बिस्किटें खाल्लीं होतीं. त्यांवर पांढऱ्या मलईचा जाड थर होता. तींच घरीं करा, असा तिचा हट्ट. जाऊबाईंनीं सर्व साहित्य आणविलें. मैदा चाळून झाला, इतक्यांत मोठ्या आई, म्हणजे आमच्या आजेसासूबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं येऊन बसल्या. वय ऐंशीच्या पुढें, पण चौकस बुद्धि शाबूत आहे. त्यांनीं दोनच प्रश्न विचारले. "ह्यांत अंडें आहे का ग?" आणि मग रंगाची लहान बाटली उचलून, "हें लाल कशाचें आहे?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें. दुसऱ्याचें उत्तर घरांतील एकाहि पदवीधरास देतां येईना. मोठ्या आई शांतपणें म्हणाल्या, "मला नका देऊं. पण लेकरांना आपण काय घालतों तें तरी ठाऊक असावें." बाटली फडताळांत गेली, मैदा पुन्हां डब्यांत गेला, आणि वाढदिवस चार दिवसांवर येऊन ठेपला.

बिस्किट पाहून प्रश्न विचारण्याची आपल्या समाजाची संवय जुनी आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाच्या निमित्तानें जमली. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते आणि लोकमान्य टिळकहि होते. तेथें चहा-बिस्किटें पुढें आलीं. कोणीं चहा घेतला, कोणीं भिडेखातर पेला नुसता हातीं धरला. हा योग जुळवून आणणारे गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनीं मागाहून उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांत छापून आणलीं आणि पुण्यांत वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, ग्रामण्य झालें, आणि १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. आपल्यामुळें मित्रांच्या कुटुंबांचे हाल होऊं नयेत म्हणून त्यांनीं तें घेतलें; पण रमाबाईंना तें किती झोंबलें, हें त्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लपविलेलें नाहीं.

त्या वेळीं विचारला गेलेला प्रश्न 'कोणाच्या हातचें?' हा होता. पावाचें पीठ तेव्हां ताडीनें फुगवीत, केकमध्यें अंडें असे, हीं कारणें सांगितलीं जात. पण मुळांत त्या प्रश्नानें माणसांना कमी लेखलें होतें, आणि तो टाकला गेला हें उत्तम झालें. मात्र तो टाकतांना त्याच्या शेजारचा एक रास्त प्रश्नहि आपण टाकून बसलों. पदार्थ कशाचा केला आहे, हें विचारणें आतां आपल्याला मागासलेपणाचें वाटूं लागलें आहे. मोठ्या आईंनीं विचारलें तें हेंच.

दुसऱ्या दिवशीं भिंगाखालीं धरून बाटलीवरील बारीक अक्षरें वाचलीं. आपल्या देशांत खाद्यपदार्थांत घालण्यास जे मोजके कृत्रिम रंग मान्य आहेत, त्यांत लाल रंग तीन: पाँसो ४आर, कार्मोइझीन आणि एरिथ्रोसीन. तयार पदार्थांत त्यांचें प्रमाण सामान्यतः किलोमागें १०० मिलिग्रॅमच्या पुढें जाऊं नये, असा नियम आहे. कारखान्यांत हें तोलून घालतां येतें. घरीं मात्र पदार्थ चित्रासारखा लाल होईपर्यंत आपण बाटली ओतीत राहतों. यांतील एरिथ्रोसीनची मान्यता अमेरिकेनें जानेवारी २०२५ मध्यें काढून घेतली. उंदरांवरील प्रयोगांत त्यानें गाठी झाल्याचें आढळलें होतें; माणसांत तसें घडतें असें सिद्ध झालेलें नाहीं, तरी तेथील कायद्यानुसार तेवढें कारण पुरेसें ठरलें. आणि जो रंग खाण्याचाच नव्हे, कापड रंगविण्याचा आहे, तो ऱ्होडामीन-बी मुलांच्या गुलाबी 'म्हातारीच्या केसां'त सांपडल्यामुळें २०२४ सालीं तामिळनाडू व कर्नाटक सरकारांना बंदीचे हुकूम काढावे लागले. मान्य रंगानें कोणी लगेच आजारी पडतें असें मी म्हणत नाहीं. पण उत्तर ठाऊक नसतांना लेकराच्या ताटांत कांहीं वाढणें मात्र बरें नव्हे.

मग हा पदार्थ मूळचा लाल कशानें? 'मखमली' केक हे नांव अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांतलें. मऊ, बारीक रव्याच्या केकला तें देत. कोको आणि ताक किंवा शिरका एकत्र आले कीं कोकोच्या अंगची किंचित् लाली उठून दिसे. ती विटकरी छटा होती. पुढें टेक्सासमधील ॲडम्स नांवाच्या अर्क-रंग विकणाऱ्या कंपनीनें आपल्या रंगाच्या खपासाठीं या केकच्या कृति वाटल्या, आणि लालभडकपणा हाच त्याचा गुण ठरला. म्हणजे पोरीनें हट्ट धरला तो लाल रंग मुळांत जाहिरातीचा. हें वाचून आम्हांस धीर आला. आपला लाल आपण शोधावा असें ठरलें, आणि मंडईंतून बीट आलें.

पहिला प्रयत्न पुरता फसला. नेहमींच्या संवयीनें सोडा घातला आणि बिस्किटें मातकट तपकिरी झालीं. बिटाच्या लाल द्रव्यास आंबट मानवतें. क्षार आणि दीर्घ उष्णता मानवत नाहीं. दुसऱ्या वेळीं सोडा वगळून लिंबू घातलें, पण बिटाचा कच्चा रस पातळ असल्यामुळें गोळे पसरून पापड्या झाल्या. तांदळाच्या पिठीनें ते आवरतील असें एकीनें सुचविलें. भंडारा हा भाताचा जिल्हा, पिठीला तोटा नाहीं. पण पिठीनें नानकटाईसारखा खुसखुशीतपणा येतो, मऊपणा येत नाहीं.

अखेर जवाहरनगरच्या वसाहतींत राहणाऱ्या एका ख्रिस्ती शिक्षिकाबाईंना बोलाविलें. दर नाताळांत त्या घरीं केक भाजतात. आम्ही त्यांना ताईच म्हणतों. त्यांनीं पदर खोंचला, पिठास हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यांत पाणी फार, आणि हें गरम आहे. जाड बिस्किट हवें तर पीठ गार हवें." गार लोणी भट्टींत सावकाश वितळतें, तोंवर मैद्याची कड धरली जाते आणि गोळा पसरत नाहीं, हें त्यांनीं समजावून दिलें. तिसऱ्या प्रयत्नास जी कृति साधली ती खालीं देतें.

साहित्य: मैदा २२५ ग्रॅम, साधा कोको १० ग्रॅम (क्षारानें काळसर केलेला नको, त्यांत लाल दिसत नाहीं), मक्याचें पीठ म्हणजे कॉर्नफ्लोअर एक मोठा चमचा, बेकिंग पावडर एक लहान चमचा सपाट, मीठ चिमूटभर, बिनमिठाचें लोणी ११० ग्रॅम, पिठी साखर १०० ग्रॅम, चाळलेली गुळाची पूड ४० ग्रॅम, घट्ट चक्का दोन मोठे चमचे, मध्यम आकाराचें एक बीट, लिंबाचा रस दोन लहान चमचे आणि थोडा व्हॅनिला.

बीट सालासकट वाफवून सोलावें आणि लिंबाचा रस घालून गंधासारखें बारीक वाटावें. हा गर मंद आंचेवर ढवळीत चार मोठे चमचे उरेल इतका आटवावा व पूर्ण निववावा. लोणी, साखर व गूळ एकत्र फेसावे. फार फुगवूं नयेत. त्यांत चक्का, बिटाचा गर व व्हॅनिला मिसळावा. कोरडें साहित्य दोनदां चाळून घालावें आणि पीठ एकत्र येतांच हात थांबवावा. मळत बसल्यास बिस्किट चिवट होतें. पीठ झांकून दोन तास शीतपेटींत ठेवावें. मग लहान लिंबाएवढे, सुमारें ४५ ग्रॅमचे, बारा-तेरा गोळे करावे आणि वरून बोटांनीं अगदीं हलके दाबावे.

ओव्हन असल्यास १७० अंश सेल्सिअसवर बारा-तेरा मिनिटें भाजावें. कडा धरल्या आणि मधला भाग किंचित् कच्चा वाटला कीं काढावें. तापलेल्या पत्र्यावरच दहा मिनिटें राहूं द्यावें. आंतील उष्णतेनें उरलेलें काम होतें. मऊपणाचें खरें मर्म हेंच, आणि घाई करणाऱ्या गृहिणीला तें सर्वांत जड जातें. थोडा गूळ ओलावा धरून ठेवतो, म्हणून दुसऱ्या दिवशींहि बिस्किट कडक होत नाहीं.

ओव्हन नसल्यास अडून बसूं नये. नानकटाई आपल्या घरांत आली तेव्हां कोणाकडे ओव्हन होता? वळलेल्या नानकटाईचे पत्रे पोरांच्या डोक्यावर देऊन गांवच्या भट्टींत पाठवीत, नाहींतर पातेल्याच्या खालीं-वर निखारे ठेवून घरींच भाजीत. आतां जाड बुडाच्या पातेल्यांत तळाशीं दोन बोटें मीठ पसरावें, त्यावर तिवई ठेवावी आणि झांकण लावून दहा मिनिटें तापवावें. मग चार-पांच गोळ्यांची ताटली आंत ठेवून मंद आंचेवर सुमारें वीस मिनिटें भाजावें. मधून मधून झांकण उघडूं नये.

वरच्या थरासाठीं परदेशांत मलईचें चीज वापरतात. आपल्याकडे चक्का त्याहून सरस. रात्रभर टांगून, वर वजन ठेवून कोरडा केलेला २०० ग्रॅम चक्का पुरणयंत्रांतून काढावा. ५० ग्रॅम मऊ लोणी व ६० ग्रॅम पिठी साखर फेसून त्यांत हा गार चक्का थोडा थोडा मिसळावा. चव श्रीखंडाच्या जवळची, पण लोण्यामुळें थर उभा राहतो. बिस्किटें अगदीं निवाल्यावरच तो लावावा, आणि लावलेलीं बिस्किटें गार ठेवून त्याच दिवशीं संपवावीं. आमच्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हां हा उद्योग करूंच नये. हा पदार्थ थंडीचा.

रंगाबाबत खरें सांगावयाचें तर तो बाटलींतल्यासारखा लालभडक येत नाहीं. कडा लालसर तपकिरी होतात. मोडल्यावर आंत जुन्या इरकली लुगड्याच्या काठासारखा गडद लाल दिसतो. पोरीनें प्रथम नाक मुरडलें. पण स्वतः बीट वाटतांना हात कोपरापर्यंत लाल झाल्यावर ती बिस्किटें तिची झालीं, आणि मग त्यांत तिला उणें दिसेना.

वाढदिवसाच्या संध्याकाळीं ताईहि आल्या. शेवटचे थर त्यांनींच लावले आणि ताटली घेऊन त्या माजघरांत मोठ्या आईंपुढें गेल्या. आम्ही साऱ्या जणी दाराशीं उभ्या. माहेरीं परसोवळ्याचा केवढा विटाळ मानीत, हें मोठ्या आईंच्या तोंडून आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. त्यांनीं ताईंना जवळ बसविलें, बिस्किट मोडून आंतला रंग पाहिला आणि विचारलें, "लाल कशाचें?"

"बिटाचें, मोठी आई! मीं वाटलें," पोर ओरडली.

त्यांनीं अर्धें खाल्लें, अर्धें तिच्या हातावर ठेवलें, आणि ताईंना म्हणाल्या, "पुढच्या खेपेस साखर जरा कमी घाल हो."

बाटली अद्याप आमच्या फडताळांत आहे. ती टाकून द्यावी असें मी दोनदां म्हटलें; पण पोर देत नाहीं. दुकानांतून कांहीं नवें आलें कीं ती भिंग घेऊन त्यावरील अक्षरें वाचते, आणि उत्तर सांपडलें नाहीं तर मोठ्या आईंकडे तक्रार नेते.